विहिरीच्या काठावरचे बूट

बूट आपोआप चालले नाहीत. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण याच्या उलट वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. आमच्या श्रुतिकामालिकेत दिल्लीच्या तपास अधिकाऱ्याची भूमिका करणारे वसंतराव कुळकर्णी पुढे पुण्याला स्थायिक झाले. तेथे त्यांचा सत्कार झाला आणि उत्तराच्या भाषणात त्यांनी सांगितले, की जळगावच्या रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत एका मृत जवानाचे रिकामे बूट चालताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दुसरीकडे मालिकेचे लेखक, धुळ्याचे प्राध्यापक देवरे, यांनी एका स्मरणिकेत लिहिले, की ती कथा त्यांनी एका खऱ्या प्रकरणाचा अभ्यास करून रचली होती आणि त्यांच्या लेखणीमुळेच त्या प्रकरणाचा उलगडा झाला.

दोघेही माझे जुने सहकारी आहेत. ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. वसंतरावांना टाळ्या ऐकू आल्या, की दुसरे काही ऐकू येत नाही. आणि आपल्या लेखणीवाचून जगात एखादी गोष्ट घडू शकते, हे प्राध्यापकांना मान्य नाही. पण बूट मी विकत आणले, ते पायांत घालून मी चाललो, आणि निवृत्त होताना मी ते बरोबर घरी आणले. तेव्हा या बाबतीत बोलण्याचा पहिला अधिकार माझा आहे, आणि या अंकाच्या संपादकांनी जागा दिली आहे तोवर तो मी बजावणार आहे.

ज्यांनी रेडिओवरचे नाटक केवळ ऐकले आहे, त्यांच्यासाठी आमच्या कामाविषयी थोडे सांगतो. श्रोत्याला दिसत काहीच नाही. म्हणून जे घडते ते त्याच्या कानात उभे करावे लागते. नट संवाद म्हणतात, पण पाऊस, आग, दार, पाऊल ही आमची कामे. सुपात मोहरी हलवली, की पाऊस पडतो. चॉकलेटचा चुरचुरीत कागद माइकजवळ हळूहळू चुरगळला, की घर पेटते. पावलांसाठी आम्ही लाकडी चौकटीचे उथळ खोके ठेवत असू. एकात मुरूम, एकात वाळू, एकात फरशी. त्यात उभे राहून जागच्या जागी चालायचे आणि माइक घोट्याजवळ ठेवायचा. हे सोपे वाटते. भेकड माणूस, कर्जवसुलीला आलेला माणूस आणि रजेवर घरी आलेला जवान हे तिघे एकाच मुरमावर तीन तऱ्हांनी चालतात, आणि ते तिघे मी एकट्याने केलेले आहेत. केंद्रावर मला ‘नाना’ म्हणत, आणि मागे ‘खडखड्या’ म्हणत. दोन्ही नावे मी कमावलेली होती.

विहिरीचा घुमारा ही माझी खास गोष्ट. एक मोठा रिकामा रांजण आडवा करून त्याच्या तोंडाशी माइक ठेवायचा आणि नटाने रांजणात तोंड घालून बोलायचे. आवाज खोलातून, ओल्या दगडांवर आदळून वर यावा तसा येई. पहिल्या चाचणीच्या वेळी वसंतरावांनी रांजणातून डोके बाहेर काढले आणि म्हणाले, “नाना, आत कोणीतरी माझ्याआधी बोलतंय.”

“तो तुमचाच आवाज आहे. त्याला तुमच्याइतकी घाई नाही, इतकंच,” मी म्हणालो.

ऐंशीच्या दशकातली, मधल्या वर्षांतली ही गोष्ट. प्राध्यापक देवरे यांनी तेरा भागांची मालिका लिहून आणली. एक जवान रजेवर गावी येतो आणि संशयास्पद रीतीने मरतो. पोलीस आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवतात. मग दिल्लीहून केंद्र सरकारचा एक तपास अधिकारी येतो आणि एकेका साक्षीदाराला बोलते करतो. कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही मान्य केले होते. पण प्राध्यापकांच्या मूळ संहितेत जवान रेल्वेखाली सापडत होता. त्यात विहीर नव्हती. काठावर नीट जोडून ठेवलेले बूट नव्हते. या दोन्ही गोष्टी कथेत मी आणल्या. खऱ्या प्रकरणाचा अभ्यास करून लिहिल्याचा दावा येथेच कोसळतो.

मी त्या का आणल्या, तेही सांगतो. मालिकेसाठी खरे लष्करी बूट हवे होते, म्हणून मी धुळ्याच्या जुन्या बाजारात गेलो. तेथे ताडपत्रीवर वापरलेल्या कपड्यांचे आणि जोड्यांचे ढीग लागत. एका ढिगात हा जोड होता. चामडे टणक, पाण्यात भिजून वाळल्यावर होते तसे. मी डावा बूट उचलून फरशीवर आपटला. टाचेला लोखंडी पट्टी होती, आणि तिचा एक खिळा निघालेला असल्यामुळे टाच टेकल्यावर आधी ‘ठक्’ आणि लगेच मागून, पट्टी हलल्याचा, बारीक ‘टिक्’ असा आवाज आला. मला हवा होता तो हाच माणूस. विक्रेता म्हणाला, “साहेब, पट्टी ठोकून देऊ का?” मी त्याला हातही लावू दिला नाही.

ते बूट घेऊन एसटीने परत येताना विहीर माझ्या डोक्यात आली. असे का, हे मला सांगता येत नाही. रांजणाचा प्रयोग मनात असेल, दुसरे कारण मी शोधलेले नाही. इतकेच नोंदवतो, की आधी बूट आले आणि मग विहीर आली. प्राध्यापक चिडले. “नाना, तुम्ही आवाजासाठी माझी कथा बदलता?” ते म्हणाले. मी म्हणालो, “सर, रेडिओवर आवाज हीच कथा असते.” केंद्राच्या अधिकाऱ्यांनी माझ्या बाजूने कौल दिला.

शेवटचा सोडून प्रत्येक भागाच्या आरंभी तीच पावले यायची. मुरमावर जवान चालत येतो. ठक्, ठक्-टिक्, ठक्, ठक्-टिक्. मग फरशी लागते, म्हणजे विहिरीचा काठ. आणि पावले थांबतात. त्यानंतर काही क्षण संपूर्ण शांतता, आणि मग रांजणातून जवानाचे नाव. ही पावले दर भागासाठी मी नव्याने चालत असे, कारण जुनाच तुकडा पुन्हा चिकटवणे मला कमीपणाचे वाटे. एक गोष्ट मात्र खरी, आणि ती मी वसंतरावांना त्या काळी बोलून दाखवली, ही चूक झाली. फरशीच्या खोक्याच्या कडेशी थांबल्यावर डावा पाय पुढे आणि खाली पडू पाहत असे. जिन्यावर शेवटची पायरी संपली तरी पाय आणखी एक पायरी शोधतो, तसे. खाली तर स्टुडिओची सपाट जमीन होती. मी पाय आवरून धरीत असे. वसंतरावांचे चालणारे बूट जन्मले ते या वाक्यातून.

दर बुधवारी लागणारी ही मालिका गाजू लागली. चाळीसगावपासून बोदवडपर्यंत लोक वसंतरावांना ‘दिल्लीचे साहेब’ म्हणू लागले. प्रत्यक्षात ते एका पतपेढीत रोखपाल होते, आणि लोक पैसे भरायला येऊन त्यांना विचारीत, “साहेब, खुनी सापडला का?” त्यावर ते अधिकाऱ्याच्या आवाजात “तपास चालू आहे” म्हणत आणि मग नोटा मोजत.

सहाव्या भागाचे ध्वनिमुद्रण चालू असताना फाटकावरचा शिपाई आत आला आणि म्हणाला, पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावाहून एक म्हातारे गृहस्थ आले आहेत, कोणाला भेटायचे ते सांगत नाहीत, फक्त ‘बूट’ म्हणतात. मी बाहेर गेलो. पांढरे धोतर, डोक्याला रुमाल, हाताच्या बोटांवर जळल्याचे जुने डाग. नाव दगडू आबा. जातीने लोहार, बैलांना नाल ठोकणे हा पिढीजात धंदा. वसंतराव माझ्या मागोमाग आले आणि आपल्या भारदस्त आवाजात म्हणाले, “बोला आबा, काय तक्रार आहे?”

आबांनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले. “आवाज मोठा शे तुम्हना. मानूस बारीक शे,” ते अहिराणीत म्हणाले.

वसंतराव ओशाळले. मला तेव्हाच हा माणूस आवडला. मी म्हणालो, “आबा, हे नाटक आहे. हे खरे साहेब नाहीत.”

“नाटक शे ते माले समजस,” आबा म्हणाले. “पन बूट नाटकना नहीत. बूट मना पोऱ्याना शेतस.”

त्यांनी जे सांगितले ते असे. त्यांचा मुलगा रमेश फौजेत होता. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला. बुटाची डावी टाच झिजली होती, म्हणून आबांनी बैलाची नाल कापून तिची पट्टी केली आणि चार खिळ्यांनी टाचेला ठोकून दिली. त्याच सकाळी लग्नाच्या गोष्टीवरून रमेशचे आईशी भांडण झाले. आई म्हणाली, “तू फौजमाच मर.” तो काही न बोलता शेताकडे गेला. आबा बाजाराला गेले होते. दुपारी तो विहिरीत सापडला आणि त्याचे बूट काठावर शेजारी शेजारी ठेवलेले होते. पोलिसांनी ते पाहिले आणि बूट काढून उडी मारली असे ठरवले. गावानेही तेच मानले. दिवस झाल्यावर आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मृताचे कपडे आणि बूट घरातून देऊन टाकण्यात आले. ते हात बदलत धुळ्याच्या बाजारात आले असणार.

“त्यानी माय तवयपासून बोलत नही,” आबा म्हणाले. “एकच म्हनस, मी बोलनू म्हनीसन तो गया. मी सांगस, तो उडी मारनारा नही. ती म्हनस, तुम्ही बाप शेतस, तुम्ही तसंच म्हनशात.”

आम्ही त्यांना आत नेले. मी बूट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी डावा बूट उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ही मनी नाल शे. चार खिळा ठोकेल व्हतात. हाई एक कोठे गया?” बैल या नालेवर महिनोन् महिने खडकावरून चालतो आणि खिळा हलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि येथून पुढचे वाचकांनी लक्ष देऊन वाचावे, कारण याच जागी इतरांनी गोंधळ घातला आहे.

“तो पायऱ्या उतरीसन खाले जास,” आबा म्हणाले. “तुम्हना साहेब पायऱ्या काबर दखत नही?” आमचा साहेब पायऱ्या का पाहत नाही, असे ते विचारत होते.

मी विचारले, “कोण पायऱ्या उतरतो?”

“तोच. काठवर थांबस, मंग खाले उतरस. दर बुधवारी उतरस. दखा ना, डावा पाय तठे अटकस.”

आमच्या मालिकेत कोणीही पायऱ्या उतरत नव्हते. संहितेत विहिरीला पायऱ्याच नव्हत्या. मी त्यांना प्रसारित झालेल्या पाचव्या भागाची टेप लावून दाखवली. पावले आली, फरशी लागली, पावले थांबली. शांतता सुरू झाली. आबांनी हात वर केला.

“दखा. आते उतरी ऱ्हायना.”

टेपची नेहमीची मंद खरखर चालू होती. दुसरे काहीही नव्हते. आबांचे डोळे मिटलेले होते आणि त्यांचा हात पायरी-पायरीने खाली येत होता. मग तो मध्येच थांबला, बोटे आखडली, आणि ते म्हणाले, “आठे.” म्हणजे इथे.

वसंतराव सांगतात, की त्या वेळी सर्वांना पावले ऐकू आली. मी तेथे यंत्रापाशी उभा होतो आणि आयुष्यभर कानांवर पोट भरलेला माणूस आहे. मला काही ऐकू आले नाही. वसंतरावांनाही आले नाही; त्यांनी तेव्हा माझा दंड धरला होता आणि हलक्या आवाजात विचारले होते, “नाना, तुम्हाला येतंय का काही?” ज्याला स्वतःला ऐकू येते तो असे विचारत नाही. गुंडाळून ठेवलेल्या टेपच्या एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो, हेही मला ठाऊक आहे, आणि तसे झाले असेल असे कोणी म्हणेल तर सांगतो, की जो आवाज कधी काढलाच नाही तो कुठल्या थरावरून उमटणार? त्या खोलीत पावले एकट्या आबांना ऐकू आली. माझ्या मते ही गोष्ट चालणाऱ्या बुटांपेक्षा जास्त अंगावर येणारी आहे, आणि ती तशीच सांगितली तर पुरे आहे.

आबा परत गेले. त्यांच्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या होत्या, पण त्या अजून पाण्याखाली होत्या. मालिका पुढे चालू राहिली. मी दर आठवड्याला ते बूट चढवत होतो आणि काठाशी आल्यावर पाय आवरत होतो. आता मला खाली काय आहे ते ठाऊक झाले होते, त्यामुळे आवरणे कठीण जाई. एवढे मी मान्य करतो.

उन्हाळा तापला. अकरावा भाग झाल्यावर आबा पुन्हा आले. रुमालाच्या गाठीतून त्यांनी एक गंजलेला, वाकलेला खिळा काढला. पाणी उतरल्यावर ते स्वतः विहिरीत उतरले होते. पायऱ्यांच्या मध्यावर, दोन दगडांच्या फटीत, तो अडकलेला होता. रमेश बूट घालूनच खाली उतरत होता. टाच फटीत अडकली, खिळा उपटला, तोल गेला, डोके दगडावर आदळले आणि तो पाण्यात पडला. पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकत असे, तो काढायला तो उतरला असावा. आई रागावली तरी पाणी द्यायचे काम त्याने टाकले नव्हते.

“मग बूट वर कसे आले?” प्राध्यापक देवरे म्हणाले. ते त्या दिवशी शेवटच्या भागाची संहिता घेऊन आले होते.

तेही आबा विचारून आले होते. गावात भिला नावाचा मजूर होता. प्रेत प्रथम त्याने पाहिले. तो एकटाच होता. आपणच वर काढू असे वाटून तो खाली उतरला आणि सर्वांत आधी त्याने रमेशच्या पायांतले बूट काढले, कारण आमच्याकडे मेलेल्या माणसाला पायांत जोडा असताना जमिनीवर ठेवत नाहीत. ओझे एकट्याला झेपेना, तेव्हा तो बूट हातात घेऊन वर आला, ते काठावर नीट जोडून ठेवले आणि माणसे बोलवायला धावला. पोलीस पोहोचेपर्यंत बूट उन्हात वाळले होते. दुसऱ्याच दिवशी भिला मजुरीसाठी गुजरातेत गेला. त्याला कोणी विचारले नाही, आणि बुटांवरून गावाने काय अर्थ काढला हे त्याला माहीतच नव्हते. तो परतल्यावर आबांनी विचारले तेव्हा तो उलट म्हणाला, “पायमा जोडा ऱ्हाईसन मानूसले भुईवर कसा ठेवू, आबा?”

माणुसकीने केलेल्या त्या एका कृतीने एका आईला वर्षभर खुनी ठरवले होते.

“मग आता सांगा की घरी,” वसंतराव म्हणाले.

“सांगं. खिळा दखाडा. भिलाले समोर उभा करा,” आबा म्हणाले; म्हणजे हे सगळे त्यांनी करून पाहिले होते. “ती म्हनस, तुम्ही बठ्ठा मिळीसन माले समजाडतस.” मग ते वसंतरावांकडे वळले. “तुम्ही परका शेतस. तुम्हले आम्हनं काही लागत नही. तुम्ही सांगं ते तिले पटी.”

प्राध्यापकांच्या संहितेत शेवटी खून उघडकीला येत होता. जवानाचा एक मित्र गुन्हेगार ठरत होता. मी म्हणालो, शेवट बदलायचा. प्राध्यापक म्हणाले, “अपघात? तेरा भाग ऐकल्यावर श्रोत्याला अपघात द्यायचा? नाना, यात नाट्य कुठे आहे?” मी म्हणालो, “ते बाहेर बाकावर बसलंय, रुमाल गुंडाळून.” ते रागाने निघून गेले आणि शेवटचा भाग मी लिहिला. मंजूर झालेली संहिता बदलल्याबद्दल मला पुढे लेखी जाब द्यावा लागला. आज प्राध्यापक ज्या शेवटाचे श्रेय घेतात, त्याच्यावरून ते तेव्हा माझ्याशी कित्येक महिने बोलत नव्हते.

जाण्यापूर्वी आबांनी डावा बूट मागून घेतला. पिशवीतून हातोडी आणि नवा खिळा काढला आणि स्टुडिओच्या पायरीवर बसून चौथा खिळा ठोकला. मी बूट आपटून पाहिला. ‘टिक्’ गेला होता. मी विचारले, “नेता का बरोबर?” ते म्हणाले, “एकदाव दिधेल जोडा घरमा परत लेतस नही. तुम्हनाकडेच राहू द्या.”

शेवटच्या भागात वसंतराव अप्रतिम बोलले, हे मी शत्रुत्व बाजूला ठेवून लिहितो. मोठा आवाज त्यांनी प्रथमच लहान केला. “बाई,” अधिकारी जवानाच्या आईला म्हणतो, “मी सगळ्यांचे जबाब घेतले. तुमच्या मुलाने उडी मारली नाही. तो पाणी सोडायला उतरला होता. तो तुमच्यावर रागावून गेला असता, तर शेताला पाणी द्यायला थांबला नसता.” एवढेच. त्यापुढे संगीतही मी घेतले नाही.

सरकारी कागदांवर रमेशच्या नावापुढे जे लिहिले होते, ते तसेच राहिले. आबांनी दोनदा खेटे घातले आणि सोडून दिले. मालिकेच्या टेपा पुढे केंद्राच्या रिवाजाप्रमाणे पुसून दुसऱ्या कार्यक्रमांना वापरल्या गेल्या. त्यामुळे आज कोणीही काहीही सांगू शकतो. याची खंत मला आहे.

पावसाळा लागण्यापूर्वी आबा शेवटचे भेटून गेले. मी विचारले, “बाईंनी ऐकलं का?”

“ऐकं,” ते म्हणाले. “साहेबनं बोलनं व्हयनं, तरी तिनी रेडिओ बंद करू दिधा नही. कान दीसन बसनी. मंग माले म्हने, दखा, तो वर उना. पायऱ्या चढीसन उना. दोन्ही पाय सारखा वाजनात, म्हने. मंग उठनी आणि चूल पेटाडी.”

त्यांना चहा पाजला आणि एसटीपर्यंत पोहोचवले.

चौथा खिळा आबांनी ठोकला हे तिला कोणी सांगितले असेल, नसेल; मी विचारले नाही. माझ्यापुरते मी एवढेच सांगू शकतो, की बूट त्या दिवशी माझ्या कपाटात कुलपात होते आणि त्या शेवटच्या भागात मी पावलांचा आवाज कुठेही वापरला नव्हता. याला कोणी काय नाव द्यायचे ते द्यावे. बूट स्टुडिओत चालत होते, असे मात्र कोणी सांगू नये.